वेड पांघरून चाचणीला: मानसिक आजाराची बतावणी कशी तपासायची

“सदर इसम मानसिक आजाराची बतावणी करीत आहे किंवा कसे, याबाबत आपला स्वयंस्पष्ट अभिप्राय सादर करावा.”

अशी पत्रं आमच्या टेबलावर येतात. कधी कारागृहातून, कधी न्यायालयातून, कधी अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाकडून. ‘किंवा कसे’ असं लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात दोनच उत्तरं हवी असतात: आहे, किंवा नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तशीच उत्तरं दिली. त्यांतलं एक उत्तर साफ चुकलं होतं, ते पुढे सांगते.

हा लेख मुख्यतः चिकित्सा मानसशास्त्राच्या नव्या सहकाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. वकिलांनी आणि पोलिसांनीही वाचायला हरकत नाही. एक पथ्य आधीच सांगते. चाचण्यांची नावं आणि त्यांमागचं तर्कशास्त्र पुस्तकांत छापलेलं आहे, ते इथे येईल. आतली विधानं, चित्रं आणि ‘काय केलं म्हणजे सुटतो’ हे येणार नाही. चाचणी फुटली की ती मेली, आणि नवी तयार व्हायला अनेक वर्षं जातात.

आधी प्रश्न नीट मांडा

बतावणी म्हणायला दोन गोष्टी लागतात. लक्षणं जाणूनबुजून खोटी सांगितलेली किंवा बेसुमार फुगवलेली हवीत, आणि त्यामागे बाहेरचा फायदा हवा: शिक्षा टळणं, नुकसानभरपाई, रजा, औषधं, प्रमाणपत्र. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात, बतावणीची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तिचा सांकेतिक क्रमांक झेड ७६.५ आहे.

आता गंमत बघा. ‘जाणूनबुजून’ आणि ‘फायद्यासाठी’ या दोन्ही गोष्टी कुठलीही चाचणी मोजत नाही. चाचणी एवढंच सांगते की या माणसानं दिलेली उत्तरं विश्वास ठेवण्याजोगी आहेत की नाहीत. तिथून ‘हा खोटं बोलतोय’ इथपर्यंतचा रस्ता तुम्हाला कागदपत्रं, मुलाखत आणि निरीक्षण यांच्या आधारानं चालावा लागतो. कधी कधी तो रस्ता पूर्ण होतच नाही.

शेजारच्या गल्ल्याही ओळखीच्या हव्यात. बाहेरचा काहीच फायदा नसताना केवळ रुग्ण म्हणून राहण्यासाठी लक्षणं निर्माण करणारे लोक असतात. तो वेगळा विकार आहे. हात खरोखर उचलत नाही, पण नस-स्नायूंत दोष सापडत नाही, असे रुग्ण असतात. ते नाटक करत नसतात. झीगबर्ट गान्झर यांनी १८९८ मध्ये जर्मनीतल्या हाले इथल्या कैद्यांविषयी लिहिलं होतं. दोन अधिक दोन किती, तर पाच. उत्तर चुकीचं, पण प्रश्न समजल्याशिवाय इतकं जवळचं चुकीचं उत्तर देता येत नाही. हे सोंग की आजार, यावर वाद तेव्हापासून चालू आहे.

डीएसएममध्ये संशय घेण्यासाठी चार खुणा दिल्या आहेत: कायदेशीर संदर्भ, तक्रार आणि तपासणी यांत मोठी तफावत, असहकार, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व. कारागृहात पहिली खूण प्रत्येकालाच लागू होते आणि चौथी बऱ्याच जणांना. त्या यादीवर टिकमार्क करून निष्कर्ष काढू नका.

पहिली पायरी: चाचणीची पेटी उघडण्याआधी

पत्र दोनदा वाचा. विचारलेला प्रश्न आजचा आहे की गुन्ह्याच्या दिवसाचा? भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेतलं ८४) कृत्य घडलं त्या वेळच्या मनःस्थितीबद्दल बोलतं. खटला समजून घेऊन बचाव करण्याची क्षमता आज आहे का, हा प्रश्न भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ मध्ये येतो. आज बतावणी करणारा माणूस त्या दिवशी खरोखर भ्रमात असू शकतो. उलटही होतं. आज घेतलेली चाचणी आजचीच असते, हे अहवालात स्पष्ट लिहायचं.

मग कागद जमवा. जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचा दाखला, कामाच्या ठिकाणची हजेरी. कारागृहातून येणाऱ्या माणसाबद्दल सर्वांत मोलाची माहिती बराकीत असते: जेवतो का, झोपतो किती, अंघोळ कुणी सांगितल्यावर करतो की आपण होऊन, कॅरम खेळतो का, मुलाखतीच्या दिवशी घरच्यांशी कसा बोलतो. आणणाऱ्या हवालदाराशी दोन मिनिटं बोला, पण त्याचं मत विचारू नका. “काय बघितलंत?” एवढंच विचारा. मत तो न विचारता देतोच.

चाचणीच्या दिवशी त्या माणसाची झोप झाली आहे का, नाश्ता झाला आहे का, सकाळची गोळी कुठली घेतली, चष्मा बरोबर आणला आहे का, हे विचारून लिहून ठेवा. तीन तास पोलिसांच्या गाडीत बसून, उपाशीपोटी, हातात बेडी असताना घेतलेल्या चाचणीवर मी निष्कर्ष काढत नाही. परत पाठवते, पुढची तारीख देते. कुणी रागावलं तर रागावलं.

संमती घेताना काय सांगायचं? मी साधारण असं म्हणते: “इथं तुम्ही जे सांगाल ते कोर्टाला कळवावं लागेल, ते आपल्या दोघांत राहणार नाही. काही प्रश्न सोपे असतील, काही अवघड. जमेल तेवढा पूर्ण प्रयत्न करा आणि आहे तसं सांगा. उत्तरं मनापासून दिली आहेत का, हेही या चाचण्यांतून समजतं.” शेवटचं वाक्य सांगितल्यानं सावज सावध होतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपण शिकारीला बसलेलो नाही, आणि न सांगता तपासणं मला लबाडीचं वाटतं. मात्र कुठली चाचणी त्यासाठी आहे, ते सांगायचं नाही.

दुसरी पायरी: आधी मुलाखत, तीही मोकळ्या प्रश्नांची

लक्षणांची यादी तुम्हीच वाचून दाखवलीत तर समोरच्याला अभ्यासक्रम मिळतो. “आवाज येतात का? भास होतात का? कुणी पाठलाग करतं का?” असं विचारू नका. “काय त्रास होतो?” म्हणा आणि गप्प बसा. खरी शांतता ठेवा, पेनसुद्धा वाजवू नका.

एका कच्च्या कैद्याची मुलाखत आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचविशीच्या आत, बसल्या बसल्या त्यानं सांगायला सुरुवात केली.

“मॅडम, मला आवाज येतात.”

“सांगा ना.”

“दिवसरात्र येतात. थांबतच नाहीत. मारून टाक म्हणतात.”

“आत्ता येतोय?”

“आत्तापण.”

“कुणाचा असतो?”

“सगळ्यांचा.”

“सुरू झाला की तुम्ही काय करता?”

“काय करणार? जे सांगतात ते करावंच लागतं.”

आता हे तपासू. खऱ्या रुग्णांचे आवाज बहुधा येतात-जातात. अखंड चोवीस तास सहसा नसतात. बहुतेकांनी त्यावर काहीतरी तोड काढलेली असते: रेडिओ लावणं, नामस्मरण, फेऱ्या मारणं, कानात कापूस, आवाजालाच उलट शिव्या देणं. आदेश देणारा आवाज असला तरी प्रत्येक आदेश पाळलाच जातो असं नाही. आणि आवाजांना सहसा एखाद्या भ्रमाची जोड असते. कोण बोलतं, का बोलतं, याची एक गोष्ट रुग्णाच्या मनात तयार असते. खरा रुग्ण अनेकदा ही गोष्ट लपवतो. इथे सगळं पहिल्या मिनिटात टेबलावर आलं होतं, आणि ‘आत्तापण’ आवाज येत असताना माझा एकही प्रश्न त्याला परत विचारावा लागला नव्हता.

मी त्याला पकडलं नाही. नोंद केली आणि पुढे गेले. कारण यांतली एकही खूण एकटी पुरेशी नाही. नकारात्मक लक्षणं (म्हणजे भावनांचं सपाटपण, विचारांचं सुकलेपण) आणि बोलण्यातला तुटलेला धागा, यांची नक्कल करणं फार अवघड असतं, म्हणून मी ती जास्त बारकाईनं बघते. माझ्या नोंदीत एक ओळ होती: ‘चेहरा सपाट, घटना सांगताना दोनदा मध्येच थांबला, हरवल्यासारखा.’ ती ओळ नंतर कामी आली.

फक्त मुलाखतीवर विसंबणं किती महागात पडतं, याची सर्वांत मोठी गोष्ट न्यू यॉर्कची. माफिया टोळीचा म्होरक्या व्हिन्सेंट जिगांते ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवर बाथरोब घालून पुटपुटत हिंडायचा. नामांकित मनोविकारतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं त्याला आजारी ठरवलं. अखेर २००३ मध्ये त्यानं न्यायालयात कबूल केलं की ते सोंग होतं. न्यूरेंबर्ग खटल्यात हिटलरचा एकेकाळचा सहायक रुडॉल्फ हेस यानं स्मृती गेल्याचं सांगितलं होतं, आणि ३० नोव्हेंबर १९४५ रोजी भर न्यायालयात उभं राहून ते डावपेच म्हणून केल्याचं जाहीर केलं. पुढे त्याचं विसरणं परत सुरू झालं, तेव्हा आधीचं खरं की नंतरचं, हे ठरवताना तज्ज्ञांची पंचाईत झाली. मला ही दुसरी गोष्ट जास्त शिकवून जाते.

तिसरी पायरी: दोन जातींची साधनं, दोन्ही वापरा

लक्षणं सांगणं आणि क्षमता दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मला भास होतात’ असं कुणी सांगतं, ‘मला आठवत नाही’ हे कुणी करून दाखवतं. पहिल्यासाठी प्रश्नावल्या आणि रचित मुलाखती, दुसऱ्यासाठी प्रयत्न मोजणाऱ्या चाचण्या. एकीत गडबड निघाली म्हणून दुसरीतही निघेल असं नाही. माणूस आपल्याला हवं तेच सोंग आणतो.

प्रश्नावल्यांमागची युक्ती रिचर्ड रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं नीट मांडली. खरे रुग्णही क्वचितच सांगतात अशी लक्षणं मध्ये पेरायची. काही लक्षणं अशी, की ती अस्तित्वातच नसतात. (माझं काल्पनिक उदाहरण: ‘फक्त डाव्या हातानं धरलेली वस्तू अमावस्येला नाव विसरायला लावते.’) काही जोड्या अशा, की प्रत्येक तक्रार सुटी पाहिली तर नेहमीची, पण दोन्ही एकाच माणसात सहसा सापडत नाहीत. शिवाय विचारलं ते सगळंच आहे म्हणणं, सगळंच असह्य म्हणणं, आणि सांगितलेलं व दिसणारं यांत मेळ नसणं. आजार न पाहिलेल्या माणसाला यांतलं कुठलं दुर्मीळ आणि कुठलं नेहमीचं, हे कळत नाही.

छोट्या चाळण्यांमध्ये एम-फास्ट २५ प्रश्नांची आहे; पाच-दहा मिनिटांत होते, ६ गुणांपासून पुढे सखोल तपासणी करायची. सिम्समध्ये ७५ बरोबर-चूक विधानं आहेत. तिची १४ ही मूळ सीमा खऱ्या रुग्णांनाही अडकवते, म्हणून नंतरच्या संशोधकांनी ती वर न्यावी असं सुचवलं. चाळणीचं काम चाळण्यापुरतंच. सखोल तपासणीसाठी रॉजर्स आणि सहकाऱ्यांची रचित मुलाखत, एसआयआरएस, १९९२ मध्ये आली. दुसरी आवृत्ती २०१० ची. तिला वेळ लागतो, पण निरपराध माणसाला खोटारडा ठरवण्याची चूक तिच्यात कमी होते. माझ्या मते निवड करताना हाच निकष धरावा.

रोर्शाकच्या शाईच्या डागांवरून बतावणी ठरवू नका. तिथे भरवशाची सीमाच नाही.

चौथी पायरी: एमएमपीआय-२ वाचायचा क्रम

एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व आणि मानसिक त्रास मोजणारी बरोबर-चूक विधानांची प्रश्नावली. हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी ती अमेरिकेतल्या मिनेसोटात बनवली. मूळ आवृत्ती १९४३ ची, दुसरी आवृत्ती १९८९ ची, ५६७ विधानांची. नंतर ३३८ विधानांची आरएफ आणि २०२० मध्ये ३३५ विधानांची तिसरी आवृत्ती आली. आपल्याकडे अजून दुसरीच जास्त दिसते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

नवशिके काय करतात? आलेख उघडला की थेट स्किझोफ्रेनियाच्या मापनीकडे नजर. तसं नाही. डावीकडून, आणि एका ठरावीक क्रमानं.

पहिल्यांदा रिकामी विधानं मोजा. ३० किंवा जास्त सोडली असतील तर तिथेच थांबा.

मग व्हीआरआयएन. एकाच अर्थाच्या विधानांना माणूस एकसारखी उत्तरं देतो का, हे ती सांगते. टी-गुण (सरासरी ५० धरून काढलेला प्रमाणित गुण) ८० च्या पुढे असेल तर उत्तरं वाऱ्यावर दिली आहेत. पुढची एकही मापनी वाचायची नाही. त्यानंतर टीआरआयएन: विधान काहीही असो, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणत सुटण्याची सवय. हीसुद्धा ८० च्या आत हवी. वर्दीतल्या साहेबासमोर मान हलवायची सवय लागलेला माणूस चाचणीलाही मान हलवतो.

या दोन दारांतून आत आल्यावर एफ. सर्वसाधारण लोक क्वचित निवडतात अशी ६० विधानं. एफ उंच गेली की नवशिका खूश होतो: सापडला! पण एफ उंच जायला तीन कारणं असतात. उत्तरं वाऱ्यावर दिलेली, आजार खरोखर गंभीर, किंवा फुगवून सांगितलेलं. पहिलं कारण तुम्ही व्हीआरआयएननं आधीच बाद केलेलं असतं. उरलेल्या दोघांत निवड करायला एफपी ही मापनी १९९५ मध्ये आर्बिसी आणि बेन-पोराथ यांनी बनवली. तिची २७ विधानं अशी, की मनोरुग्णालयात दाखल असलेले खरे रुग्णही ती सहसा निवडत नाहीत. एफ उंच, एफपी नेहमीची: खरा आणि गंभीर त्रास असण्याची शक्यता जास्त. एफपीचा टी-गुण १०० च्या पुढे: अतिशयोक्तीची शंका जोरदार. एफबी ही मापनी पुस्तिकेच्या उत्तरार्धातली असते. एफ शांत आणि एफबी उंच असेल तर माणूस कंटाळला की थकला, हे आधी बघा.

एल आणि के शेवटी. त्या बहुतेक वेळा उलट्या सोंगाच्या असतात, म्हणजे आजार लपवून सगळं आलबेल दाखवण्याच्या. मुलाचा ताबा मागणारे आईवडील, नोकरीवर परत रुजू व्हायचं असलेला कर्मचारी, यांच्यात त्या पाहायच्या.

हे झालं पुस्तकातलं. आता मराठीतली अडचण, जी परदेशी हस्तपुस्तिकेत सापडणार नाही. समजा विधान असं आहे: ‘माझं लक्ष सहसा विचलित होत नाही.’ (हे माझंच बनवलेलं.) वाचणारा मनात म्हणतो, “नाही, नाही होत,” आणि ‘चूक’वर खूण करतो. मराठीत नकारार्थी वाक्याला ‘नाही’ म्हणून आपण दुजोरा देतो! त्याला म्हणायचं होतं की लक्ष विचलित होत नाही. कागदावर नोंद झाली नेमकी उलटी. अशी आठ-दहा विधानं झाली की व्हीआरआयएन चढते आणि साधा माणूस बेफिकीर किंवा लबाड ठरतो. म्हणून पहिली वीसेक विधानं मी शेजारी बसून करून घेते आणि नकारार्थी विधानाशी थांबून विचारते, “म्हणजे काय म्हणायचंय?” सहावी-आठवीपर्यंतचं वाचन नसेल तर ही चाचणी देऊच नका. घरी भरायला तर कधीच देऊ नका. मेव्हण्यानं भरून आणलेली पुस्तिका मी पाहिली आहे, अक्षर दोन, पेनं तीन.

आणि दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ? अंगात येणं, देवीचा कौल, गेलेल्या माणसाचं स्वप्नात येऊन सांगणं, बाहेरची बाधा. मिनेसोटात ‘विचित्र’ ठरलेलं उत्तर जत्रेला नेमानं जाणाऱ्या घरात रोजच्या बोलण्यातलं असतं. उंच आलेल्या एफपीची विधानं एकेक उघडून विचारा. दोन-चार गळून पडली तर गुण किती उरतो, ते पाहा आणि तसं अहवालात लिहा.

पाचवी पायरी: प्रयत्नाच्या चाचण्या आणि माझी चूक

विसरल्याची तक्रार असेल तर पर्यायांच्या चाचण्या लागतात. दोनांपैकी एक निवडायचं, असे ५० प्रश्न आहेत असं समजा. ज्याला काहीच आठवत नाही तो नाणं उडवल्यासारखी उत्तरं देईल आणि २५ च्या आसपास येईल. कधी २१, कधी २९. पण १८ पेक्षाही कमी आले तर? इतकं कमी नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी असते. म्हणजे बरोबर उत्तर माहीत होतं आणि ते टाळलं गेलं. हेतूच्या इतक्या जवळ जाणारा पुरावा मानसशास्त्रात दुसरा क्वचितच मिळतो, आणि तो येतोही क्वचितच. टॉमबॉ यांची १९९६ ची टीओएमएम या जातीची. तिची प्रत्यक्ष सीमा मात्र ४५ ची आहे, कारण स्मृतीचा खरा विकार असलेले बरेच लोकही तेवढे गुण मिळवतात. ४५ च्या खाली आलेला प्रत्येक जण सोंगाड्या नसतो. गंभीर स्मृतिभ्रंश, मतिमंदत्व, तीव्र गोंधळाची अवस्था आधी बाद करा.

आता ती चूक. मोटार अपघाताच्या दाव्यात एक हमाल आले होते. डोक्याला मार, “काही ध्यानात राहत नाही.” मी आंद्रे रे यांची पंधरा चिन्हांची चाचणी दिली, त्यांना ६ आठवली, सीमा ९ ची. अंकस्मरणाचा (ऐकलेले अंक सुलट आणि उलट म्हणण्याचा) विश्वासार्हता-गुणही सीमेखाली. दोन चाचण्यांत नापास! मी लिहिलं: ‘प्रयत्न अपुरा, बतावणीची शक्यता.’

वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “शाळा?” मी म्हटलं, “चौथी.” त्या म्हणाल्या, “त्यांना विचार.” विचारलं. चौथीपर्यंत पटावर नाव होतं, शाळेत फार तर एक वर्ष. सही करतात, वाचत नाहीत. आणि मी त्यांच्यासमोर ठेवलेल्या कागदावर रोमन लिपीतली अक्षरं होती. आपल्याला ती तीन-तीनच्या गटांत सहज लक्षात राहतात, कारण एबीसी आपल्याला येते. त्यांच्यासाठी त्या पंधरा निरनिराळ्या रेघोट्या होत्या. उलटे अंक म्हणायची त्यांच्यावर आयुष्यात कधी वेळच आली नव्हती. नंतर चित्रांची चाचणी घेतली: ५० पैकी ४९. अहवाल मागे घेतला, दुरुस्त करून दिला. मधल्या तीन आठवड्यांत त्यांच्या वकिलानं त्यांना काय सुनावलं असेल, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून कमी शिकलेल्या माणसाला मी अक्षर-अंकांवर उभी असलेली प्रयत्नाची चाचणी एकटी देत नाही. ‘शिक्षण’ या रकान्यात इयत्ता लिहून थांबत नाही. वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचायला देते.

सहावी पायरी: थोडं गणित

एक चाचणी घ्या, जी शंभर सोंगाड्यांपैकी ८० जणांना पकडते आणि शंभर प्रामाणिक माणसांपैकी ९० जणांना सोडून देते. चांगली वाटते ना? आता साध्या बाह्यरुग्ण विभागात बसा, जिथे शंभरात दहाच बतावणी करत असतील. दहातले ८ सापडतील. नव्वद प्रामाणिकांपैकी ९ जणही अडकतील. म्हणजे १७ जणांवर शिक्का बसला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांवर चुकून. तीच चाचणी शंभरात तीस सोंगाडे असलेल्या ठिकाणी लावा: २४ बरोबर, ७ चूक. चाचणी तीच, अर्थ बदलला.

अमेरिकेतल्या चेता-मानसशास्त्रज्ञांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात अपंगत्व आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत सुमारे ३० टक्के, फौजदारी प्रकरणांत १९ टक्के आणि नुसत्या वैद्यकीय प्रकरणांत ८ टक्के असा त्यांचा अंदाज होता. ते आकडे तिथले. तुमच्या विभागात काय प्रमाण आहे, याची स्वतःची वही ठेवा.

दोन वेगळ्या जातींच्या चाचण्यांत गडबड आल्याशिवाय मी ‘अविश्वसनीय’ हा शब्द वापरत नाही. दहा चाचण्या घेऊन त्यांतल्या दोन नापास निघाल्या, तर मात्र ते योगायोगानंही होतं.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डावर अडचण निराळी. तिथली आयडियाज मापनी स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार क्षेत्रांना शून्य ते चार गुण देते, आणि माहिती रुग्ण व नातेवाईक यांच्याकडूनच येते. खरेपणा तपासणारी मापनी तिच्यात नाही. म्हणून ‘काम करतो का?’ असं न विचारता कालचा दिवस सकाळी उठल्यापासून विचारा, आणि रुग्ण व नातेवाईक यांना वेगवेगळं बसवून विचारा. चहा कुणी केला, इथपर्यंत.

सातवी पायरी: समोर मांडणं

निष्कर्ष लिहिण्याआधी माणसाला पुन्हा बोलवा. “तुम्ही खोटं बोलताय” म्हटलंत की दार बंद. मी म्हणते, “काही उत्तरांचा मेळ लागत नाहीये. असं कधी कधी होतं, माणसाला वाटतं की थोडं वाढवून सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. तुमचं तसं काही झालंय का?”

त्या पंचविशीतल्या मुलाला मी हेच विचारलं. एफपी उंच होती, एम-फास्ट सीमेच्या पुढे. तो बराच वेळ बोटांची नखं खात बसला. मग म्हणाला, “आवाज येतो मॅडम. एकच. मामाचा. रात्री. पण बराकीतले म्हणले, एवढ्यानं काय होत नाही, जोरात सांग.”

तोवर त्याच्या आईनं आणलेले जुने केसपेपर पोहोचले होते. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात उपचार सुरू झाले होते, औषधं मध्येच सुटली होती. आजार खरा होता, वर मीठमसाला बराकीतला. ‘खरा आजारी’ आणि ‘सोंगाडा’ असे दोन खण करून त्याला एकात टाकलं असतं, तर कुठल्याही खणात तो चुकलाच असता. अशी माणसं मी जितकी पाहिली, तितके निव्वळ सोंगाडे पाहिले नाहीत.

आठवी पायरी: अहवाल

त्याच्या अहवालातला मजकूर असा होता, नमुना म्हणून वापरा: ‘लक्षण-प्रश्नावलींमध्ये अतिशयोक्त वृत्तांत आढळतो; सदर गुणांवरून लक्षणांची तीव्रता ठरवता येत नाही. तथापि पूर्वीच्या वैद्यकीय नोंदी, निरीक्षण आणि दुसरी मुलाखत यांवरून मनोविकृतीचा आजार असल्याचे दिसते. अतिशयोक्ती आढळल्याने आजार नाही, असा अर्थ काढू नये. प्रस्तुत अभिप्राय तपासणीच्या दिनांकापुरता असून घटनेच्या वेळच्या मनःस्थितीबाबत नाही. मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी व निरीक्षणासाठी दाखल करण्याची शिफारस.’

‘लबाड’, ‘नाटकी’, ‘ढोंगी’ हे शब्द अहवालात नकोत. ‘बतावणी’ हा शब्दही, फायदा आणि हेतू दोन्ही स्वतंत्र पुराव्यानं दिसत असतील तरच. कुठल्या चाचण्या घेतल्या, कुठल्या भाषेत, भाषांतर अधिकृत होतं की नाही, कुठले मानदंड लावले, हे लिहा. घेता न आलेल्या चाचण्याही कारणासह लिहा. दाखल करून निरीक्षण शक्य असेल तर ते मागा. येरवड्यासारख्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या वॉर्डात रात्री तीन वाजता परिचारिकेनं केलेली नोंद कित्येकदा माझ्या दोन तासांच्या चाचणीपेक्षा जास्त सांगते.

प्रश्नपत्रिका आणि उत्तरांचे कच्चे कागद अहवालाला जोडू नका. वकिलानं मागितले तर ते दुसऱ्या पात्र मानसशास्त्रज्ञाकडे सोपवण्याची परवानगी न्यायालयाकडे मागा. मी एकदा घाईत झेरॉक्स देऊन टाकली होती. सात-आठ महिन्यांनी त्याच कारागृहातून आलेल्या एका गृहस्थांना मी सूचना वाचून दाखवत होते, अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात ते अदबीनं म्हणाले, “मॅडम, ही ती सोपीवाली ना?”